विंगेतली दुसरी बाई

नाटक बघून पदराने डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या बायकांचा मालतीबाई खांबेट्यांना मनस्वी राग. तिकीट काढून रडायचं कशाला म्हणते मी, असं त्या म्हणत. रडायला घरचा चुलीचा धूर काय कमी आहे? सुरतेत मुंबईची नाटक कंपनी यायची ती कधीमधी, आणि यायची ती बहुतेक रडवायलाच. नायिका सोशीक, सासू कजाग, शेवटी नवरा पश्चात्ताप पावून पायाशी. मालतीबाई तिसऱ्या अंकापर्यंत जांभया देत.

पण अडुसष्टच्या पुरानंतर, तापीचा गाळ लोकांच्या घरांतून नुकता निघाला होता तेव्हा, एक कंपनी वेगळंच नाटक घेऊन आली. त्यात नवरा म्हातारा, कवडीचुंबक आणि संशयी. शेवटच्या अंकात त्याला झटका येतो. तो खुर्चीत कलंडतो, आणि बायको शांतपणे उठून म्हणते, "मरताय तर चष्मा तेवढा काढून ठेवा. पडलात तर फुटेल."

सगळं थिएटर चिडीचूप. आणि त्या शांततेत मालतीबाई हसल्या. हसणं तरी कसलं, डबा पायऱ्यांवरून गडगडत जावा तसं. शेजारी बसलेल्या चंद्रकांतरावांनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"अगं, माणूस मरतोय तिथे!"

"म्हणून तर!" मालतीबाई पदर तोंडात कोंबत म्हणाल्या.

चंद्रकांतराव विम्याच्या ऑफिसात, तेही मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर. मरण म्हणजे त्यांच्या लेखी तीन प्रतींत सह्या लागणारी गंभीर बाब. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. लग्नातल्या फोटोतसुद्धा ते कुणाचा तरी दावा नामंजूर करायला बसल्यासारखे दिसत. माणूस मात्र सज्जन हो, बायकोवर हात उगारणं सोडा, आवाजही चढवायचा नाही.

घरी येताना मालतीबाई त्यांना समजावत राहिल्या. अहो, ती बाई दुष्ट नव्हे. तीस वर्षं त्या चष्म्याच्या काचा तिनेच पुसल्या असणार. माणूस जाताना तिला चष्म्याचंच सुचलं, यालाच संसार म्हणतात. रडक्या नाटकात बायका "प्राणनाथ" म्हणतात, घरात कोण म्हणतं प्राणनाथ? चंद्रकांतरावांनी यावर "उद्या दूधवाल्याला लवकर यायला सांग" एवढंच म्हटलं.

त्या दिवसापासून मालतीबाईंना या असल्या नाटकांची चटकच लागली. नवराबायको एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि लोक पोट धरधरून हसतायत, असं नाटक कुठे लागलं की त्या हजर. मुंबईला बहिणीकडे गेल्या की देवळात एकदा आणि अशा नाटकाला दोनदा जात. परत आल्या की नानपुऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर शेजारच्या सविताबेनला अख्खं नाटक सगळ्यांचे आवाज काढून करून दाखवत. सविताबेनला मराठी अर्धंच कळे, पण ती हसून हसून भिंतीला टेकायची.

एका उन्हाळ्यात मराठी शाळेतल्या मधुकर मास्तरांनी स्वतःच असलं नाटक लिहिलं. नाव, 'चिमूटभर जास्तच'. पंचवीस वर्षांचा संसार झालेलं जोडपं. तो तिच्या चहात आणि ती त्याच्या दुधात रोज चिमूटभर विष घालते. पण वाणी इतका भेसळखोर, की विषातही भेसळ. दोघं मरायचं नाव घेत नाहीत, उलट बाळसं धरतात. सुरतेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते करायचं ठरलं, आणि बायकोच्या कामासाठी मास्तर थेट खांबेट्यांच्या घरी आले. ओट्यावरच्या नकलांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती.

मालतीबाई आत चहा गाळत होत्या. मास्तरांचं बोलणं ऐकून गाळणं हातात तसंच राहिलं. आयुष्यात प्रथमच कुणी तरी त्यांना काही तरी मागायला आलं होतं आणि ते लोणच्याचा मसाला नव्हतं! आता हे हाक मारतील, विचारतील, आपण जरा आढेवेढे घ्यायचे आणि मग हो म्हणायचं, इथपर्यंत त्यांचं ठरलं.

बाहेर चंद्रकांतराव म्हणाले, "छे छे, मास्तर. तिला जमायचं नाही."

बस्स. विचारलं नाही, हाक मारली नाही. नको म्हणाले असते तर मालतीबाई भांडल्या असत्या. आमच्यात चालत नाही म्हणाले असते तर त्यांनी चालवून दाखवलं असतं. पण जमायचं नाही? वीस वर्षं याच माणसाचा सुतकी स्वभाव जमवून घेतला तो कुणी?

त्यांनी चहा आणून ठेवला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

आता मराठी घरातला अबोला कसा असतो ते ज्याने पाळलाय त्यालाच ठाऊक. संसार थांबत नाही, फक्त 'तुम्ही' आणि 'तू' संपतात. मालतीबाई पातेल्याला उद्देशून म्हणत, "कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय." चंद्रकांतराव कॅलेंडरला सांगत, "काही लोकांना ऑफिसात लवकर जायचंय." आधी बोलेल तो हरला, हा कायदा. चंद्रकांतरावांना आपण काय गुन्हा केला तेच कळेना, म्हणून ते बोलेनात. आणि कळत नाही याचाच मालतीबाईंना जास्त राग. मधल्यामध्ये सविताबेनचा निरोप्या झाला. "तमे बे तो गांडा छो!" तुम्ही दोघं तर वेडी आहात, असं ती कपाळावर हात मारून म्हणे, आणि निरोप पोचवी.

बायकोचं काम शाळेतल्या उज्ज्वला टीचरला मिळालं. मास्तरांना बिचाऱ्यांना चुटपुट लागली होती. त्यांनी मालतीबाईंना निरोप धाडला, निदान प्रॉम्प्टिंग तरी करा. विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं हळूच पुरवायची, चेहरा कुणाला दिसायचा नाही. सविताबेनमार्फत चंद्रकांतरावांचं मत आलं, "विंगेत हरकत नाही." मालतीबाईंनी उलट निरोप पाठवला, "हरकत विचारली नव्हती."

इथवर ठीक होतं. पण नवऱ्याचं काम करणारे जयंतराव नेमके काविळीने आडवे झाले. तारीख जवळ आलेली, मंडप उभा, पत्रिका वाटलेल्या. मास्तर डोकं धरून बसले आणि मग एकदम म्हणाले, "हसू न येणारा चेहरा हवा मला. असा चेहरा अख्ख्या सुरतेत एकच आहे."

आणि चंद्रकांतराव, मंडळाचे चिटणीस, मंडळाची अब्रू म्हणून चक्क तयार झाले!

मालतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे दुसऱ्या बाईने विष घातलेलं चालतं यांना," त्या सविताबेनला म्हणाल्या, "घरच्या बाईला ते जमायचं नाही!"

तालमी सुरू झाल्या. प्रॉम्प्टर आणि नायक यांच्यात अबोला, असा प्रसंग मराठी रंगभूमीवर दुसरा घडला असेल तर देव जाणे. चंद्रकांतराव कुठे अडलेच तर मालतीबाई त्यांना वाक्य देत नसत. उज्ज्वलाला सांगत, "त्या गृहस्थांना म्हणावं, पुढे 'दूध आज गोड लागतंय' आहे." पण ते अडत क्वचितच. ऑफिसचं परिपत्रक करावं तसं त्यांनी नाटक पाठ केलं होतं. चढउतार नाही, हसू नाही. तालमीला बसलेली माणसं गालात हसत, आणि मालतीबाई मनाशी म्हणत, मेलं काम मात्र छान करतायत. या विचाराचाही त्यांना राग येई.

नाटक रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलात. शहराबाहेर उधन्याला कापडाच्या मागांवर काम करणारी खानदेशी मंडळी रात्रपाळीला मोकळी व्हावी म्हणून. पुढे खुर्च्यांवर बँका आणि कचेऱ्यांतली कुटुंबं, मागे सतरंजीवर उखा नावाचा एक मागवाला आणि त्याच्या पाळीचे सगळे सोबती, बायकापोरांसह. हॉल नुसता फुलून गेला होता.

पहिला अंक थंड गेला. पुढच्या खुर्च्यांना कळेना हसायचं की नाही, कारण विषप्रयोग म्हणजे काही सभ्य विषय नव्हे. दुसऱ्या अंकात चंद्रकांतरावांनी दुधाचा पेला उचलला आणि आपल्या त्या दावा-नामंजूर चेहऱ्याने म्हणाले, "आज दुधाला चव नाही. तुझं माझ्यावर प्रेम राहिलेलं नाही."

मागची सतरंजी फुटली. उखा मांडीवर थापा मारायला लागला, मग खुर्च्याही ढासळल्या. हशा थांबेचना.

तालमीत गालातलं हसू चंद्रकांतरावांना कधी ऐकू आलं नव्हतं. ते दचकले. आपलं धोतर सुटलं की काय म्हणून त्यांनी खाली पाहिलं, त्यावर आणखी हशा. आणि त्या दचकण्यात पुढचं वाक्य गेलं. वाक्यच काय, सगळं नाटकच डोक्यातून पार पुसलं गेलं. पेला हातात धरून ते उभे राहिले. पाचावर धारण बसली.

त्यांनी विंगेकडे पाहिलं.

मालतीबाईंचं बोट वाक्यावरच होतं. 'वाणी बदलला की काय आपला?' एवढंच. नुसतं पुटपुटलं तरी भागलं असतं. पण आता उज्ज्वला मधे नव्हती. तिच्या वाटचं वाक्य होऊन ती पलीकडे उभी होती. बोलायचं तर थेट. म्हणजे इतक्या महिन्यांचा अबोला यांच्यासाठी मोडायचा, आणि तोही यांना जमत नाही म्हणून!

खोटं कशाला बोला, त्या क्षणी मालतीबाईंना फार बरं वाटलं. जमायचं नाही म्हणणारा माणूस तोंड उघडं टाकून समोर उभा होता. पलीकडच्या विंगेतून मास्तर हातवारे करून करून रडकुंडीला आले. मालतीबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"बोल ना भो!" मागून उखा ओरडला. "काय व्हयनं तुले?"

चंद्रकांतरावांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला. डोळ्यांना दिसेना आणि हातात पेला, पुसणार कसं? ते पाहून मालतीबाईंचा हात आपसूक पदराकडे गेला. मरो ती हारजीत, असं म्हणून त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात चंद्रकांतरावच बोलले, विंगेकडे तोंड करून.

"चुकलं माझं."

हे काही नाटकात नव्हतं.

"तुला जमलं नसतं असं नाही गं," ते म्हणाले. "तुला जमलं असतं. फार चांगलं जमलं असतं. सगळी सुरत तुझ्याकडे बघत बसली असती, आणि मी खाली खुर्चीत. मग घरी आल्यावर माझ्यासारख्याशी काय बोलली असतीस तू? मला भीती वाटली. बोल ना आता. घरात नुसतं पातेलं ऐकून ऐकून वीट आलाय मला."

सतरंजीवर उखा गुडघ्यांवर उठला आणि विंगेकडे बोट करून आनंदाने किंचाळला, "आरे, तठे दुसरी बाई शे!"

झालं! हॉल कोसळला. नवऱ्याने लफडं केलंय, लफडं विंगेत लपलंय, आणि हा बायकोसमोर तिची माफी मागतोय! एवढी बहार मास्तरांनी सात जन्मांत लिहिली नसती. उज्ज्वला टीचर हुशार. तिने पदर खोचला आणि गरजली, "कोण आहे ती सटवी? बाहेर काढा तिला!"

"काढा! काढा!" सतरंजी ओरडायला लागली. खुर्च्याही.

मालतीबाईंनी स्वतःकडे पाहिलं. अंगावर घरचं साधं पातळ, तोंडाला पावडर नाही. पण चंद्रकांतराव अजून घामाने आंधळे होऊन तिथेच उभे होते, कुणी तरी येण्याची वाट बघत. मालतीबाईंनी संहिता खुर्चीवर ठेवली आणि त्या सरळ उजेडात चालत गेल्या.

हॉल गप्प झाला. मालतीबाईंनी आधी नवऱ्याचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत नाकावर ठेवला. मग त्या पेल्याकडे बघून म्हणाल्या, "आधी ते दूध संपवा तुम्ही. गार होतंय."

'तुम्ही' म्हणाल्या. थेट. हे फक्त एका माणसाला कळलं. बाकीचे हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते, कारण दुधात विष होतं ना! चंद्रकांतरावांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. तो रिकामा पेला त्यांनी उलटा करून दाखवला, तेव्हा ते हसत होते. मंडळाच्या लोकांनी ते याचि देही याचि डोळा पाहिलं.

मास्तरांनी पडदा पाडला, दुसरा इलाजच नव्हता. पुढे ते सगळ्यांना सांगत सुटले की दुसरी बाई त्यांनीच लिहिली होती. पुढच्या तीन गणपतींत हेच नाटक झालं, आणि ते काम दर वेळी मालतीबाईंकडेच राहिलं. टाळ्या कुणाला जास्त पडत, ते उज्ज्वला टीचरला विचारा.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. चंद्रकांतराव नेहमी चार पावलं पुढे चालायचे, आज बरोबरीने चालत होते. ओट्यावरून सविताबेनने आशेने विचारलं, काही निरोप? दोघांनीही नाही म्हणून मान हलवली.

कुलूप काढता काढता चंद्रकांतराव म्हणाले, "एक विचारू? वाक्य माहीत होतं ना तुला?"

"बोटच होतं त्यावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

मालतीबाई चपला काढून आत गेल्या. दूध तापत ठेवताना स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला.

"सांगणारच होते. पण तुमचं वाक्य जास्त बरं निघालं."