लेथ आणि गायकवाड काकांचे हात

"काका, अर्धा मिनिट अजिबात हलू नका," मी अंधारातून म्हणाले.

"मी नाही हो हलत. हात हलतात," गायकवाड काका म्हणाले.

भरदुपारी आम्ही येरवड्याच्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये होतो. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. समोर लेथ, म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवत त्याला आकार देणारं मशीन. काकांची सगळी नोकरी त्याच्यावर झाली. आता शेड पाडणार होते, लेथ भंगारात जाणार होता. त्याआधी कंपनीला खराडीच्या नव्या ऑफिसात लावायला त्याचा मोठा फोटो हवा होता, शेजारी काका उभे असलेला.

अशी मशीन्स मी लाइट पेंटिंगने टिपते. पूर्ण अंधार करायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात टॉर्चचा उजेड मशीनवरून फिरवायचा, भिंतीला रंग द्यावा तसा. उजेड पडेल तेवढंच फोटोत येतं. मी काळ्या कपड्यांत असते, म्हणून दिसत नाही. लोखंडाची झीज, तेलाचे डाग सुंदर उठतात. अट एकच, समोरचं काही हलता कामा नये.

काकांना पार्किन्सन्स आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. स्क्रीनवर लेथ झकास आला होता. काकांच्या मनगटांपुढे मात्र नुसता धूर.

मार्केटिंगची केतकी माझ्या कानाशी आली. "मॅडम, नुसत्या मशीनचाच घेऊ या का? मला पुढे कॉल आहे."

ती हळूच बोलली होती. पण रिकाम्या शेडमध्ये हळू बोललेलंही ऐकू जातं. काकांनी हात खिशात घातले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते ते.

"बरोबर आहे त्यांचं. मी बाहेर बसतो."

"थांबा काका. जरा प्रयत्न करू द्या मला."

फ्लॅश इतका क्षणिक चमकतो, की हातांना हलायला वेळच मिळत नाही. मी फ्लॅशला काळ्या कागदाची नळी गुंडाळली, म्हणजे तो फक्त काकांवर पडेल. मशीनला टॉर्चच.

"एकदाच चमकेल. त्यानंतर हात हवे तेवढे हलू देत. अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाहीत."

"एक हात लेथच्या चाकावर ठेवू का?"

"ठेवा की."

पहिल्या खेपेला टॉर्चचा उजेड त्यांच्या बाहीवर सांडला. दुसऱ्यांदा चाक काळं पडलं. मग जमलं.

काकांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. लेथकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"गप्प आहेत की हो," ते म्हणाले. "किती वर्षांनी बघतोय हे हात असे."

ते स्क्रीनसमोरून हलेनात. केतकीचा फोन वाजला. तिने तो कट केला आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

नव्या ऑफिसातली रिसेप्शनची भिंत अरुंद निघाली. डिझायनरने फोटो कापला. लेथ राहिला, काका गेले. केतकी त्यासाठी बरीच भांडली, पण उपयोग झाला नाही. अख्खा फोटो मी काकांच्या घरी पोचवला. त्यांच्या पत्नी पाहुण्यांना आधी हात दाखवतात, मग मशीन.

क्लायंटच्या मेलमध्ये मशीनची लांबी, रुंदी, वजन, सगळं असतं. शेजारी कोण उभं राहणार आणि त्याला काय झेपेल, ते नसतं. ते आता मी फोन करून विचारते.