अंगातला दम

"काल काय जमत नव्हतं, थे सांगा पयले," असं म्हणत ती कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहायची. उत्तर दिल्याशिवाय आत सोडायची नाही.

व्यायामाचे वर्ग तुम्हीही पाहिले असतील. आमच्या पांढरकवड्यातला हा वर्ग तसा नव्हता. समाजभवनाच्या फरशीवर आम्ही बायका सतरंज्या अंथरायचो आणि ती हायवेपलीकडच्या बंजारा तांड्यावरून स्कूटी उडवत शिकवायला यायची. आरसा नाही, गाणी नाहीत, वजनकाटाही नाही. "काटा लबाड असते, बाई," ती मला म्हणायची. मी शाळेत शिकवायचे, म्हणून तिची 'बाई'. ती वयानं माझ्या लेकीएवढी, तरी वर्गात आम्ही सगळ्या तिला मॅडम म्हणायचो.

माझे गुडघे गेलेले. खाली बसले की उठताना भिंत लागायची. एका सकाळी मी भिंतीला हात न लावता उठले आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. तिनं टाळी वाजवून अख्खा वर्ग थांबवला. "बाईनं भिंत सोडली!" कोणी शाबासकी द्यावी असं माझं वय राहिलं नव्हतं. मी पदरात तोंड लपवून हसले, आणि मग जरा रडलेही.

स्वतःचं कौतुक मात्र तिला चालायचं नाही. व्यायामाचं शिक्षण घेतलेली तांड्यातली ती पहिली मुलगी. मी तसं म्हटलं की हात झटकायची. "माह्यं सोडा. मी तं याडीच्या पोटातूनच दणकट आली." याडी म्हणजे तिची आई.

त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि अळी काही हटत नव्हती. बाजारात रोज नवं औषध यायचं. फवारणीला गेलेली माणसं चक्कर येऊन पडू लागली. कोणाची नजर गेली, कोणी दवाखान्यातून परत आलंच नाही. शेताच्या धुऱ्यावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावू लागले. मजूर फवारणीला सरळ नाही म्हणायचे. तिचा भाऊ तापानं पडलेला, त्याच्या शेतात जायला कोणी तयार होईना.

"मीच मारून येते फवारा," ती वर्ग सुटताना सहज म्हणाली.

"वेडी आहेस का गं?"

"काहून भेता बाई? अंगात दम असला की काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. "हात वर," म्हणाली, आणि तिचाच हात खांद्याच्या वर जाईना. घामानं कुडता पाठीला चिकटला होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती ओढणीनं पुन्हा पुन्हा पुसत होती. खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं. माझ्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, "बाई, लाइन गेली का?"

मी तिची हनुवटी वर केली. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

आधी गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून अँब्युलन्सनं यवतमाळला. वाटेत तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "श्वास खाली जाऊन नाही राह्यला, बाई." मी म्हणत राहिले, घे, सोड, घे, सोड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूसच कापूस. जन्मभर पाहिलेलं ते हिरवं, पण मला त्याच्याकडे बघवेना.

वॉर्डात विषावरच्या औषधांनी तिला भ्रम झाला. ती उठून पळू लागली, म्हणून तिचे हात पट्टीनं खाटेला बांधले. आम्हाला उठवणारे हात ते. शेजारची खाट दुपारी रिकामी झाली आणि आयानं मुकाट्यानं चादर बदलली. याडी पायथ्याशी बसून तिची पावलं चोळत होती. मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या आहा. डाक्टरले सांगा ना, हे पोरगी लय दणकट आहे."

ती वाचली. पण घरी आली ती वेगळीच. हात थरथरायचे, दारापर्यंत चाललं की धाप लागायची. मी रविवारी तांड्यावर जायचे. एकदा मीच विचारलं, "काल काय जमत नव्हतं?"

"माही नक्कल नका करू!" ती ओरडली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मले भेव वाटते, बाई. दम घेतला की थो फवाऱ्याचा वास येते. माह्याच अंगातून येते असं वाटते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. ती छाती भरून श्वास घ्यायचीच नाही. चोरून घ्यावा तसा थोडा थोडा घ्यायची.

असेच कितीतरी रविवार गेले. मग एकदा अंगणात याडी भाकरी करत होती, तिनं पाणी मागितलं. ही उठली. ओट्यावरची कळशी उचलून कमरेवर घेतली आणि चुलीपर्यंत नेली. अर्धं पाणी वाटेत सांडलं. याडीनं तव्यावरून मान वर केली नाही. ही तिथंच उभी राहिली.

"बाई, पाह्यलं का?"

"पाहिलं."

"काल उचलली नव्हती जात." तिचा आवाज फुटला. "मी आणली. म्या आणली हे."

मग तिनं स्वतःसाठीच टाळी वाजवली. ती नीट वाजलीही नाही. तशीच खाली बसून ती मोठ्यानं रडली, आणि रडता रडता तिनं पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

पुढच्या वर्षी तिला नागपूरला काम मिळालं, आजारातून उठलेल्यांना पुन्हा चालतं करणाऱ्या एका दवाखान्यात. मी तिला निरोप द्यायला फाट्यावर गेले. कापूस पुन्हा कमरेला लागला होता. एसटी आली, ती खिडकीशी बसली, आणि तेवढ्यात वारा फिरला. शेताकडून तो वास आला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं काच ओढली. काच अडकली होती. मी खालून हात घातला.

"सोडा बाई, बोट सापडन."

दोन्ही हातांनी हिसका देऊन तिनं काच लावली. धुळकट काचेमागे तिचे ओठ हलत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. बस वळणाआड गेली. मी नाकाला पदर लावून, शेताकडे पाठ करून उभी राहिले.