मास्तरांचा डावा हात

क्रिकेटवेड्या बसवकल्याणात नरहरराव मास्तरांनी जन्मभर बेसबॉल शिकवला, यावरून माणूस किती हट्टी होता ते ओळखा. नवा ग्लोव्ह फळीसारखा ताठ असतो, चेंडू आत टिकतच नाही. मास्तर तो स्वतःच्या डाव्या हातात घालून, बुक्क्या मारून मऊ करायचे आणि मग पोरींना द्यायचे. "कातडं सैल झालं की आपसूक मिटतंय. त्यात तुमची करामत काय न्हाई," असं वर बजावायचे.

निवृत्तीनंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि नेमका तोच हात गेला. कलबुर्गीला कोच झालेली त्यांची विद्यार्थिनी स्नेहा भेटायला आली. कोरा ग्लोव्ह पुढ्यात ठेवून म्हणाली, "सर, एवढा मऊ करून द्या." पोरगी शहाणी. कामाच्या निमित्तानं हात हलेल, अशी तिची आशा.

मग रोज दुपारी मास्तरांच्या पत्नी शारदाबाई तो ग्लोव्ह त्यांच्या लुळ्या बोटांवर चढवायच्या, आत चेंडू ठेवायच्या आणि बाहेरून आपल्या दोन्ही हातांनी दाबून मिटायच्या. मास्तर जोर लावून घामाघूम व्हायचे. पावसाळा गेला, तुरीची रास झाली. एक बोट हललं नाही.

एका दुपारी शारदाबाईंनी हात काढून घेतले तरी ग्लोव्ह चेंडूवर मिटलेलाच राहिला. त्यांनी लगोलग हैदराबादच्या लेकीला फोन लावला.

"विनीता, बाबांनी चेंडू धरलाय बघ. व्हय, एकट्यानं."

तिकडं लेक रडायला लागली. फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, "ग्लोव्ह काढ. चेंडू नुसत्या हातावर ठेव."

"कामून उगं?"

"ठेव म्हणालोय न्हवं."

चेंडू तळहातावरून घरंगळत पलंगाखाली गेला.

"कातडं मिटलंय, शारदा. हात न्हाई. पोरीला खोटं कामून सांगितलीस?"

शारदाबाई चेंडूसाठी वाकल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मला कळत न्हाई व्हय? जन्मभर तुमचं तेच ऐकत आलेय. एकदा तरी लेकीला चांगलं सांगावं वाटलं."

मास्तर रडले. झटका आला तेव्हाही ते रडले नव्हते. हात आता परत येणार नाही, हे त्या दिवशी दोघांनाही पुरतं कळलं.

संध्याकाळी विनीताचा फोन आला. रजा काढली होती, उद्या सकाळी निघत होती. बाबांना चेंडू धरताना तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

शारदाबाईंनी फोन ठेवून मास्तरांना तसं सांगितलं. मास्तरांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

"ग्लोव्ह घाल," ते म्हणाले.