खालूंची दुसरी बाटली

खालूंनी वास घेतल्याशिवाय कधी कुणाचा चहा प्यायला नाही. स्वतःच्या घरचासुद्धा. दूधवाला, मासळीवाली, पावसाचा अंदाज सांगणारा रेडिओ, त्यांच्या लेखी सगळेच संशयित. खालू म्हणजे मावशीचा नवरा, पण आमच्या खाडीकाठच्या गावात ते सगळ्यांचेच खालू होते. त्यांची उमर गेली ती जहाजाच्या इंजिनरूममध्ये, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला म्हणून. "दर्यात बुडालेले मी थोडे बघितले," ते म्हणत, "भरवशात बुडालेले लय."

गावाने नदी सुधारायला समिती काढली, तेव्हा पाणी तपासायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. रसायनशास्त्रात बी.एस्सी., पुढे त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. त्याचा मला अभिमान आहे, आणि तेव्हा तो चालण्यातही दिसत असणार. पहिल्याच दिवशी मी नदीच्या पाण्याची बाटली भरली, तर खालूंनी खिशातून दुसरी काढली.

"ही पण भर. बुचावर कागद चिकटव, सही कर. ही माझ्याकडे ऱ्हाणार."

जहाजात तेल घेताना नमुन्याच्या दोन बाटल्या भरतात. एक तेल देणाऱ्याची, एक जहाजाची, म्हणजे पुढे कुणी शब्द फिरवू नये. खालूंनी तीच रीत नदीला लावली होती.

"खालू, पाणी म्हणजे तेल नव्हे," मी समजावलं. "दोन दिवसांत बदलतं ते. ही बाटली ठेवून काय उपयोग?"

"बदलू दे. खालूकडे बाटली आहे, एवढं तुझ्या डोक्यात ऱ्हायलं म्हणजे झालं, बीएस्सी."

मला राग आला. पण खरं सांगतो, त्यानंतर एकही आकडा मी अंदाजाने लिहिला नाही.

समितीने काठाला तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावली, त्या दिवशी सगळ्यांनी चिखलाच्या हातांनी फोटो काढून घेतले. खालू एकाही फोटोत नाहीत. ते दुसऱ्या दिवसापासून काठी टेकत रोज तिथे जाऊ लागले, आणि वाटेत जो भेटेल त्याला विचारत, "तुझं कुठलं ते दाखव." लाजेखातर लोक आपापलं रोप बघायला जाऊ लागले. त्यातली बरीच तिवरं आज डोक्याच्या वर गेली आहेत.

माझे अहवाल वर्षभर चांगले येत होते. खालूंचं समाधान मात्र होईना. पूर्वी बोय मासा थव्याने नदीत चढायचा, तो दिसत नव्हता.

"कागदावर नदी बरी झाली, मग बोय का येत नाय? तिला वाचता येत नाय म्हणून?" एकदा त्यांनी मला धक्क्यावर गाठलं. "तू बाटली कधी भरतोस?"

"समितीच्या अध्यक्षांची होडी निघते तेव्हा."

"आणि होडी कधी निघते?"

आमच्या धक्क्याला भरतीशिवाय होडी लागत नाही.

"होडी तरंगते तेव्हा नाला बुडतो रे," खालू म्हणाले.

म्हणजे नदीत घाण सोडणारं तोंड भरतीला पाण्याखाली जायचं, आणि वर्षभर मी आत शिरलेलं समुद्राचंच पाणी तपासत होतो. अध्यक्षांनी ते मुद्दाम केलं, की त्यांना पाय चिखलात घालायचे नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. खालूंना ठाऊक होतं.

पुढच्या ओहोटीला आम्ही दोघे गुडघाभर चिखलातून काठाने निघालो. खालू प्रत्येक परसामागे थांबून म्हणत, "हाच असणार." तो नसायचा. शेवटी तिवरांच्या आड एक पाइप उघडा पडलेला दिसला. त्यातून गुलाबीसर पाणी वाहत होतं, नाक धरायला लावणारं. वर शेड होती. मिरकरवाडा बंदरातून आलेली कोळंबी तिथे सोलत. शेड सलीमची. सलीम म्हणजे खालूंचा एकुलता एक मुलगा, आणि खालू त्याच्याच घरात राहत.

"खालू, पाणी आता वळेल. उद्या येऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे दूधवाल्याकडे बघत तसं बघितलं.

"उद्यापर्यंत सलीमला कळेल. तू सांगशील, नायतर मी सांगेन. माझा माझ्यावर पण भरोसा नाय. दोन्ही बाटल्या भर."

समितीच्या सभेत अहवाल मी वाचला. दुसरी बाटली खालूंनी स्वतः टेबलावर ठेवली. सलीम उठून चालता झाला. त्यानंतर कित्येक महिने बाप-लेक एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते.

"चहा मिळतो," खालू सांगत. "वास घेऊन पितो. आधी सवय होती, आता गरज हाय."

सलीमने शेवटी पाइप काढला आणि सांडपाण्याला टाक्या बांधल्या. पुढच्या वर्षी शेडच्या खालीच जाळ्यात बोय आली. मी ती घेऊन खालूंकडे गेलो. तोवर त्यांनी अंथरूण धरलं होतं. त्यांनी कल्ले उघडून बघितले.

"बाजारातली नाय ना?"

"नाही, खालू."

"जाळ्यात आलेली कोणी बघितली?"

"मी बघितली, अब्बा," दारातून सलीम म्हणाला. "जाळं मीच टाकलेलं."

खालूंनी मासा हुंगला. बराच वेळ हुंगला. मग सलीमकडे न बघता म्हणाले, "कालवण कर. तिखट कमी घाल."

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी अजून ओहोटीलाच जातो, दोन बाटल्या भरतो. दुसरी सलीमकडे असते. तो ती आधी उजेडात धरतो, मग बुचावरची माझी सही तपासतो, आणि मग माझ्या पायांकडे बघतो. पाय चिखलाने भरलेले असले, तरच ठेवून घेतो.