डोळ्यांनी मोजलेले तीस अंश

दोघी जावा एकाच अतिदक्षता विभागात नोकरीला होत्या. विभागात त्यांना थोरल्या सिस्टर आणि धाकट्या सिस्टर म्हणत, आणि घरातही थोरली-धाकटीच. त्यामुळे धाकटीला घटकाभर विसरावं म्हटलं तर थोरलीला जागाच उरली नव्हती.

थोरलीची एकोणीस वर्षं या बारा पलंगांमध्ये गेली होती. व्हेंटिलेटरच्या नळीत कफ अडकला की यंत्राने ओरडण्याआधी तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. धाकटीला इथे आणलं तिनेच. कफ कसा ओढायचा, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चिडलेल्या नातेवाइकाला खुर्चीत कसं बसवायचं, सगळं हाताला धरून शिकवलं. मग मोठ्या डॉक्टरांनी अर्धा दिवस वॉर्ड, अर्धा दिवस संशोधन अशी नवी जागा काढली. दोघींनी अर्ज केले. जागा धाकटीला मिळाली, कारण तिने आकडेवारीचा कोर्स केला होता. तो कोर्स चालू असताना सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रजा काढून घरी बसली होती थोरली. हे अर्जात लिहायला रकाना नव्हता.

धाकटीला सलाइनच्या खोक्यांची जुनी खोली मिळाली. छोटीशीच, पण तिला दार होतं, टेबल होतं आणि फिरती खुर्ची होती. थोरलीला बाकी कशाचं फारसं काही नव्हतं. त्या खुर्चीचं होतं. बारा तासांच्या पाळीनंतर पोटऱ्या दुखायला लागल्या की तिला ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसायची.

घरी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आपल्या धाकटीने काल बाहेरून आलेल्या डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं म्हणे. अर्धा तास!"

"मी रोज बेशुद्ध माणसांना समजावते," थोरली म्हणाली. "ते कुठे कोणाला सांगायला जातात?"

नवरा हसला. ती हसली नाही.

धाकटीचा अभ्यास साधा होता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा पलंग डोक्याकडून तीस अंश उचललेला असेल तर पोटातलं छातीत उतरत नाही आणि न्यूमोनिया टळायला मदत होते, हे विभागात सगळ्यांना पाठ होतं. धाकटीला बघायचं होतं, पलंग खरंच तेवढा उचललेला असतो का, आणि नसला तर न्यूमोनिया वाढतो का. त्यासाठी दर चार तासांनी कोन मोजून तक्त्यावर लिहायचा. मोजायला प्लॅस्टिकचा कोनमापक होता. पलंगाच्या कडेला टेकवला की काटा अंश दाखवायचा. नियम एकच. काटा दाखवेल तोच आकडा आधी लिहायचा, पलंग मग सारखा करायचा.

"पेशंट घसरलाय आणि सिस्टर पेन शोधतेय. छान!" थोरली सगळ्यांसमोर म्हणाली होती. तिने कोनमापक ड्रॉवरमध्ये टाकला. तीस अंश तिला दारातून दिसत. ती दारातूनच बघायची आणि लिहायची, तीस. तिचं बघून बाकीच्याही तसंच करू लागल्या.

चौथ्या महिन्यात धाकटीने मीटिंगमध्ये तक्ता मांडला. गेल्या महिन्याच्या सातशे नोंदी. त्यांतल्या सहाशे ऐंशी ठिकाणी तीस.

"माणसं हलतात, घसरतात. आकडा इतका सरळ येऊ शकत नाही," ती म्हणाली. "मला वाटतं, आपण मोजत नाही आहोत."

"म्हणजे आम्ही खोटं लिहितो?" थोरलीने विचारलं.

"ताई, मी तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंस?"

धाकटीने तक्ता गुंडाळला. तिने कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. तेच जास्त झोंबलं. नाव घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी ठरवू. नोंदींवर भरवसा नसेल तर अभ्यास बंद, आणि सगळ्यांनी पूर्ण वेळ वॉर्डात."

सगळ्यांनी म्हणजे कोणी, ते थोरलीला बरोबर कळलं. आता नुसतं शुक्रवारपर्यंत गप्प राहायचं होतं.

पण गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. खोटी ठरवते काय मला? गुरुवारी दुपारी वॉर्ड शांत असताना तिने ड्रॉवरमधून कोनमापक काढला. उद्या सगळ्यांसमोर आकडे टाकायचे, असं मनात धरून ती तीन नंबरच्या पलंगापाशी गेली. तिथे एक बस ड्रायव्हर आठ दिवस व्हेंटिलेटरवर होता. सकाळपासून त्याला पुन्हा ताप होता. पलंग तीस अंशच दिसत होता.

काटा एकवीसवर थांबला.

तिने कोनमापकाला टिचकी मारली. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, शून्य. दाराच्या चौकटीला लावला, नव्वद. परत पलंगाला लावला. एकवीस.

मग तिचं लक्ष उश्यांकडे गेलं. डोक्याखाली दोन उश्या, तिने स्वतः सकाळी नीट रचलेल्या. त्यातली एक तिने अलगद काढली, आणि पलंग एकदम बसल्यासारखा दिसायला लागला. उंच दिसत होतं ते डोकं. पलंग खालीच होता.

तिने बटण दाबून पलंग तीसपर्यंत उचलला. तेवढं हात आपोआप करून गेले. मग तक्ता घेतला. दुपारी दोन वाजताचा रकाना मोकळा होता. आता तीस लिहिलं तर ते खोटं नव्हतं. काटा तीसच दाखवत होता. उद्या अभ्यास बंद पडला असता, खुर्ची रिकामी झाली असती आणि थोरलीचा डोळा साऱ्या विभागात पहिल्यासारखाच अचूक राहिला असता.

सकाळी ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं होतं, "सिस्टर, परत ताप का आला हो?" आणि ती चालता चालता म्हणाली होती, "येतो कधी कधी."

तिने लिहिलं, एकवीस. खाली सही केली. मग व्हेंटिलेटरवरचे बाकीचे चार पलंग मोजले. चोवीस, एकोणीस, सव्वीस, बावीस. प्रत्येक वेळी आधी लिहिलं, मग उचललं.

तक्ता घेऊन ती खोक्यांच्या खोलीत गेली आणि तो टेबलावर ठेवला. धाकटीने आकडे पाहिले, खालची सही पाहिली.

"ताई, हे तुम्ही..."

"उशी," थोरली म्हणाली. "दोन उश्या ठेवल्या की पलंग उंच दिसतो. तुझ्या कोर्समध्ये शिकवलं नसेल."

"नाही शिकवलं." धाकटीने ते लगेच वहीत उतरवून घेतलं. तेही थोरलीला आवडलं नाही.

"माझ्या जुन्या नोंदी काढून टाक."

"काढून टाकता येत नाहीत, ताई. नजरेने लिहिलेल्या म्हणून वेगळ्या ठेवू आणि पहिल्यापासून मोजू. डॉक्टर हो म्हणतील आता." तिने बोटांवर महिने मोजले. "आणखी सहा महिने लागतील."

सहा महिने ही याच खुर्चीत, आणि ते आपणच सहीनिशी देऊन बसलो. थोरलीच्या मनात आलं.

"उद्या उशीचं सांगशील तेव्हा कोणी शोधलं ते सांगशील?"

"सांगेन की."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन. आणि छापून येईल तेव्हाही तुमचं नाव असेल."

"तुझ्यानंतर."

धाकटीने वही मिटली. जरा हलली तशी खुर्ची करकरली, आणि तेवढंच थोरलीला बरं वाटलं.

निघताना धाकटीने कोनमापकासाठी हात पुढे केला. थोरलीने तो खिशात घातला.

"हा राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तुला खुर्ची आहे."