कापसाचा अंगरखा

खडेबाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. लढाईचे देखावे करणाऱ्या एका मंडळासाठी मी सतराव्या शतकातल्या शिपायांचे कपडे शिवते. एका वर्षी आत कापूस भरून, जाड दोऱ्यानं टाके घालून एक अंगरखा केला. लोखंडी चिलखत न परवडणारे शिपाई तेव्हा असलाच घालायचे.

तो अंगात कसा बसतो ते बघायला मी सरावाला मैदानावर गेले. मंडळात दोघे सख्खे भाऊ होते; अंगरखा थोरल्यानं घातला होता आणि शत्रू म्हणून समोर धाकटा होता. शेताच्या बांधावरून दोघांचं वैर होतं. धाकट्यानं मंडळाची बोथट तलवार घेतलीच नव्हती. खंडेनवमीला पुजायची घरची तलवार धार लावून आणली होती. पहिला वार ढालीवर बसला. दुसऱ्यानं खांदा फाटला आणि बाहेर आलेला कापूस लाल झाला. धाकटा पुन्हा धावला, तेव्हा मंडळातल्या एकानं भाल्याच्या काठीनं त्याचं मनगट मोडलं.

मी पिशवीतली कात्री काढून अंगरखा कापायला लागले.

"नगं आक्का, लई राबलायसा त्याच्यावर," थोरला कण्हत म्हणाला.

"गप रं!" मी ओरडले आणि कापडाचा बोळा जखमेत दाबून धरला. माझे हात कोपरापर्यंत रक्तानं भरले.

डॉक्टर म्हणाले, कापूस नसता तर हात राहिला नसता. पोलिसांना मात्र थोरल्यानं सांगितलं, "सरावात चुकून लागलं." मला त्याचा भयंकर राग आला. मी जे पाहिलं तेच सांगितलं आणि खाली सही केली.