मंगळवारचा पाऊस

बीबी गावात कुणी शेषराव गुरुजींना पावसाचं विचारलं, की ते उत्तर देण्याआधी वही काढतात. शाळेतून निवृत्त झाल्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा पातळीशी आणून आकडा वाचायचा आणि लिहायचा, हा त्यांचा नेम. एकदा तापानं फणफणले, तर सून संजीवनीला नळी खाटेपाशी आणायला लावली.

संजीवनीची लेक प्रतीक्षा पुण्यात हवामानाच्या नोकरीत लागली. जगभरासाठी चालणारी संगणकाची मॉडेलं पावसाचं जे भाकीत करतात, ते उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून पाहायचं, हे तिचं काम. उपग्रह ढगांवरून पाऊस किती पडला असेल ते सांगतो. तो तरी कितपत खरा, हे जमिनीवरच्या मापावरून कळतं. म्हणून तिनं आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, वह्यांचे फोटो मागितले. संजीवनीनं चार दुपारी बसून पानन्‌पान पाठवलं.

रविवारी लेकीचा फोन आला. "आई, आबांचे आकडे वगळावे लागतील. बाकी गावांचं जुळतं, बीबीचंच नाही. साहेब म्हणतात, मोजणारा भरवशाचा नाही."

पोरीची नोकरी नवी, तिला संजीवनीनं आग्रह तरी कसा करावा? आणि हे म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगावं? दोन दिवस ती नुसती वह्या चाळत राहिली. बुधवारी सकाळी मात्र गुरुजींच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी बावीस मिलिमीटर वाचले आणि मंगळवारच्या ओळीत लिहिले.

"मामाजी, आज बुधवार आहे."

"हाव. पण पाऊस मंगळवारी संध्याकाळी पडला ना? त्याले बुधवारी काऊन टाकू? एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लावू का?"

संजीवनीनं तिथूनच पुण्याला फोन लावला. "आबा पाऊस पडला त्या दिवसाची तारीख टाकतात गं. तुमच्यात कोणती टाकतात?"

"मोजला त्या दिवसाची," प्रतीक्षा म्हणाली. "एक दिवस पुढं सरकवून पाहते."

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा गुरुजीही शेजारी बसले होते. सगळं जुळलं होतं. फक्त ऑगस्टमधला एक दिवस अडला होता. मॉडेलनं चाळीस मिलिमीटर सांगितले होते, उपग्रहाला अडतीस दिसले होते आणि वहीत शून्य होतं.

"शून्यच," गुरुजी म्हणाले. "अंगणात मूग वाळत होता. ढग लई आले, थेंब नाही पडला. मी मूग उचलला नाही म्हणून तुह्या आजीच्या शिव्या खाल्ल्या."

"म्हणजे आबा, ते दोघं एकमेकांच्या सुरात सूर मिळवून चुकले. तुमचं माप नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. आता नाही वगळत मी."

"वगळत होती काय?" गुरुजींनी सुनेकडे पाहिलं. "बरं. तुह्या साहेबाले सांग, उद्यापासून मोजल्या दिवसाची तारीख टाकतो. पण जुन्या वह्यांत खाडाखोड करायची नाही. सरकवायचं ते तुमच्या मशीनमधी सरकवा."

गुरुवारी त्यांनी गुरुवारच्या ओळीत सात मिलिमीटर लिहिले. मधे बुधवारची ओळ कोरी राहिली. अठरा वर्षांत अशी ओळ कधी राहिली नव्हती. त्या ओळीत बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'रीत बदलली. या दिवशी मोजलेला पाऊस वरच्या ओळीत.'